जुन्या विंडोज एक्सपीवर मराठी कीबोर्ड : बिघाड कुठे आहे ते ओळखून दुरुस्ती कशी करावी

विंडोज एक्सपी ही संगणकप्रणाली २००१ च्या ऑक्टोबरमध्ये बाजारात आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने तिची देखभाल थांबवली. तरीही शाळेच्या कार्यालयात, वाचनालयाच्या नोंदणीच्या टेबलावर किंवा लहान छापखान्यात ती चालवणारा एखादा संगणक अजून भेटतो, कारण त्याला जोडलेले यंत्र किंवा त्यावरची जुनी आज्ञावली नव्या प्रणालीवर चालत नाही. अशा संगणकावर मराठी टंकलेखन सुरू करायचे ठरवले की नवख्या माणसाची पहिली अडचण अशी असते की एक्सपीवर मराठीचा कीबोर्ड आयता चालू नसतो, आणि दुसरी अशी की तो चालू केल्यावरही पडद्यावर चौकोन, प्रश्नचिन्हे, ठिपक्यांची वर्तुळे किंवा मोडकी जोडाक्षरे दिसू शकतात.

ही चारही लक्षणे वेगवेगळ्या कारणांनी उद्भवतात. बहुतेक जण मात्र काहीही बिघडले तरी कीबोर्ड काढून पुन्हा जोडतात आणि मग मराठी एक्सपीवर चालतच नाही असा निष्कर्ष काढतात. कळ दाबण्यापासून फाइल साठवण्यापर्यंत तीन स्वतंत्र कामे होतात. पहिल्यांदा कळ दाबली की कोणत्या अक्षराचा संकेतांक तयार होणार हे कीबोर्डची मांडणी ठरवते. मग त्या संकेतांकांची मिळून पडद्यावर आकृती कशी उमटणार हे फाँट आणि अक्षरजुळणी करणारा प्रणालीतला भाग ठरवतो. शेवटी ते संकेतांक फाइलमध्ये कसे लिहिले जाणार हे आपण निवडलेल्या साठवणपद्धतीवर अवलंबून असते. यांपैकी कोणते काम अडले आहे हे आधी ठरवावे आणि मगच सेटिंगला हात लावावा.

एका शब्दाची चाचणी

स्टार्ट मेनूतून नोटपॅड उघडावे, फॉरमॅट मेनूतील फाँट या पर्यायात जाऊन ‘मंगल’ हा फाँट निवडावा, डावी ऑल्ट आणि शिफ्ट या कळा एकत्र दाबून भाषा मराठी करावी आणि पुढील कळा क्रमाने दाबाव्यात : बी, एफ, ओ, डी, स्लॅश, ई, जे, डी, शिफ्टसह एल, आणि शेवटी आर. सर्व काही सुरळीत असेल तर ‘विद्यार्थी’ हा शब्द उमटतो. हा शब्द मुद्दाम निवडला आहे, कारण त्यात पहिली वेलांटी, जोडाक्षर आणि रफार हे तीनही आले आहेत, आणि देवनागरीत काही बिघडले की ते पहिल्यांदा याच तीन ठिकाणी दिसते.

आता जे उमटले आहे ते नीट पाहावे. इंग्रजी अक्षरेच उमटली असतील तर मांडणी बदललेली नाही, म्हणजे पहिले काम अडले आहे. अक्षरे देवनागरी आहेत, पण वेलांटी ‘व’च्या डावीकडे न येता उजवीकडे चिकटली आहे, ‘द’चा पाय मोडलेला तसाच दिसतो आहे आणि रफार ‘थी’च्या डोक्यावर चढलेला नाही, असे असेल तर कीबोर्ड उत्तम आहे आणि अक्षरजुळणीचा भाग बसवलेला नाही. सगळीकडे चौकोन असतील तर निवडलेल्या फाँटमध्ये देवनागरी नाही. शब्द आत्ता बरोबर दिसतो, पण फाइल बंद करून पुन्हा उघडल्यावर त्याच्या जागी प्रश्नचिन्हे येतात, असे असेल तर तिसरे काम, म्हणजे साठवण चुकली आहे.

दुसऱ्या प्रकारात अनेक जण एक घातक उपाय करतात. वेलांटी चुकीच्या बाजूला दिसते म्हणून ते आधी वेलांटी आणि मग अक्षर असे टंकलेखन करू लागतात. त्यांच्या पडद्यावर शब्द ठीक दिसतो, पण तीच फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की वेलांट्या भलत्याच अक्षरांवर बसलेल्या असतात. दिसणे बिघडलेले असेल तर लिहिणे बदलू नये.

मराठी मुळात बसवावी कशी

एक्सपीमध्ये देवनागरीसाठी लागणाऱ्या फाइली सीडीवर असतात, पण नेहमीच्या स्थापनेत त्या संगणकावर उतरत नाहीत. म्हणून पुढील पायऱ्या ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार असलेल्या खात्यातून कराव्यात, कारण मर्यादित खात्यातून हे काम होत नाही.

१. स्टार्ट, कंट्रोल पॅनेल, रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स या क्रमाने जावे. कंट्रोल पॅनेल गटवारीच्या स्वरूपात दिसत असेल तर हा पर्याय तारीख, वेळ आणि भाषा यांच्या गटात सापडतो. ते शोधायचे नसेल तर स्टार्टमधील रन या चौकटीत आयएनटीएल, टिंब, सीपीएल ही अक्षरे इंग्रजीत लिहून एंटर दाबले तरी तीच खिडकी उघडते.

२. लँग्वेजेस या दुसऱ्या पानावर, खालच्या भागात, गुंतागुंतीच्या लिप्या आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषा यांच्या फाइली बसवण्याची एक चौकट असते. तिच्या वाक्यात थाई भाषेचा उल्लेख असतो आणि देवनागरीचा नसतो, त्यामुळे ती आपल्यासाठी नाही असा समज होतो. मराठीसाठी याच चौकटीत खूण करावी. तिच्या खालची पूर्व आशियाई भाषांची चौकट चिनी, जपानी आणि कोरियन भाषांसाठी आहे. ती डिस्कवर दोनशेहून अधिक मेगाबाइट जागा घेते आणि मराठीला तिचा काही उपयोग नाही.

३. ओके दाबल्यावर प्रणाली एक्सपीची सीडी मागते. सीडीवरील आय३८६ नावाच्या फोल्डरचा पत्ता दाखवावा. सीडी हाताशी नसेल तर संगणकाच्या सी किंवा डी ड्राइव्हवर या नावाचे फोल्डर शोधावे, कारण संगणक जुळवून देणारे अनेक जण त्याची प्रत तिथे ठेवत असत. सर्व्हिस पॅक, म्हणजे मायक्रोसॉफ्टने दिलेला दुरुस्त्यांचा संच, नंतर चढवला असेल तर काही फाइली विंडोज फोल्डरमधील सर्व्हिस पॅक फाइल्स या उपफोल्डरात सापडतात.

४. संगणक पुन्हा सुरू करावा. हे टाळून पुढे गेल्यास पुष्कळदा मोडकी जोडाक्षरे तशीच राहतात.

५. पुन्हा त्याच पानावर येऊन डिटेल्स बटण दाबावे, ॲड दाबावे, भाषांच्या यादीतून मराठी निवडावी आणि तिच्या खाली मांडणी निवडावी.

पाचव्या पायरीला यादीत मराठीचे नावच नसेल तर दुसरी पायरी पूर्ण झालेली नाही असे समजावे. गोव्यातील वाचकांना याच यादीत कोकणीही मिळेल.

मांडणीबाबत थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण इथेच टाइपरायटरवर हात बसलेली माणसे फसतात. मराठीसाठी ‘मराठी’ किंवा ‘देवनागरी - इनस्क्रिप्ट’ निवडता येते आणि हिंदी भाषा जोडली तर ‘हिंदी ट्रॅडिशनल’ अशीही एक मांडणी दिसते. ट्रॅडिशनल म्हणजे जुन्या टाइपरायटरची मांडणी असेल असे वाटते, पण तसे नाही. या सगळ्यांची मूळ घडण इनस्क्रिप्टचीच आहे, फरक आहे तो काही चिन्हांचा आणि अंकांचा. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ सालच्या आयएस १३१९४ या मानकात समाविष्ट असलेली ही मांडणी स्वर आणि स्वरचिन्हे डाव्या हाताला, तर व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला देते. साधी कळ दाबली की अल्पप्राण आणि शिफ्टसह तीच दाबली की महाप्राण, असा तिचा सर्वसाधारण नियम आहे : के कळीवर क आणि ख, आय कळीवर ग आणि घ, एल कळीवर त आणि थ, ओ कळीवर द आणि ध. डी कळ अक्षराचा पाय मोडते आणि शिफ्टसह डी ‘अ’ देते. डाव्या बाजूच्या इतर कळांवरही हीच रीत आहे, म्हणजे साध्या कळीवर मात्रा किंवा वेलांटी आणि शिफ्टसह त्याच कळीवर पूर्ण स्वर. हा तर्क एकदा लक्षात आला की तक्ता पाठ करण्याचे काम निम्म्याने कमी होते. गुजराती किंवा बंगाली लिपीच्या इनस्क्रिप्टमध्येही क त्याच कळीवर असल्यामुळे ही मेहनत इतर लिप्यांनाही कामी येते.

कळांवर देवनागरी अक्षरे छापलेली नसतील तर रन चौकटीत ओएसके ही तीन अक्षरे लिहून पडद्यावरचा कीबोर्ड उघडावा. मराठी निवडलेली असताना तो कोणत्या कळीवर कोणते अक्षर आहे ते दाखवतो आणि शिफ्ट दाबल्यावर दुसरा संच दाखवतो. त्यावर चौकोन दिसले तर त्याच्याच सेटिंग्ज मेनूतून फाँट बदलून मंगल करावा.

भाषापट्टी नाहीशी झाली तर

टास्कबारच्या उजव्या टोकाला घड्याळाशेजारी ‘ईएन’ किंवा ‘एमआर’ अशी दोन इंग्रजी अक्षरे दाखवणारी भाषापट्टी असते. ती नसेल तर पहिल्यांदा टास्कबारवर रिकाम्या जागी उजवे क्लिक करून टूलबार्स या यादीत लँग्वेज बारसमोर खूण आहे का ते पाहावे. तिथे तो पर्यायच नसेल तर डिटेल्सच्या खिडकीत खालच्या बाजूला असलेले लँग्वेज बार हे बटण दाबून पट्टी डेस्कटॉपवर दाखवण्याची खूण करावी.

ते बटणच फिके पडलेले असेल तर दोन शक्यता आहेत. एकतर यादीत इंग्रजी सोडून दुसरी भाषा जोडलेलीच नाही, किंवा त्याच खिडकीच्या ॲडव्हान्स्ड पानावर प्रगत मजकूरसेवा बंद करणाऱ्या चौकटीत कोणीतरी खूण केली आहे. ती खूण काढून संगणक पुन्हा सुरू केला की पट्टी परत येते. जुन्या संगणकाचा वेग वाढवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या सल्ल्यांमध्ये या चौकटीत खूण करण्याचा सल्ला हमखास असतो, आणि तो देणाऱ्यांना बहुधा इंग्रजीखेरीज दुसरे काही लिहायचे नसते.

याच जातीचा आणखी एक बिघाड म्हणजे दर वेळी संगणक सुरू केल्यावर पट्टी गायब होणे. पट्टी चालवणारी सीटीएफमॉन नावाची छोटी आज्ञावली विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरात असते आणि प्रणालीबरोबर आपोआप सुरू होते. तिचे नाव अनोळखी वाटल्यामुळे ती विषाणू समजून सुरुवातीच्या यादीतून काढून टाकली जाते. रन चौकटीत तिचे नाव इंग्रजीत लिहून ती चालवावी. पट्टी लगेच दिसली तर रन चौकटीतूनच एमएसकॉन्फिग उघडून स्टार्टअप पानावर तिच्यासमोर पुन्हा खूण करावी. मात्र हेच नाव धारण करणारी फाइल सिस्टम३२ खेरीज दुसऱ्या कुठल्या फोल्डरातून चालत असेल तर संशय घेणे योग्यच आहे.

भाषा आपोआप बदलते अशी तक्रार

मराठी निवडली, लेख लिहिला, मध्येच ब्राउझर उघडला तर तिथे इंग्रजी, परत लेखाकडे आलो तर मराठी. हा बिघाड नाही. एक्सपीमध्ये टंकलेखनाची भाषा प्रत्येक आज्ञावलीसाठी स्वतंत्र लक्षात ठेवली जाते आणि नवी उघडलेली आज्ञावली मूळ भाषेने सुरू होते. विंडोज ८ पासून ही रीत बदलली, त्यामुळे नव्या संगणकाची सवय असलेल्या माणसाला एक्सपी विसरभोळी वाटते.

खरी डोकेदुखी असते ती नकळत दाबल्या गेलेल्या कळांची. डावी ऑल्ट आणि शिफ्ट मिळून भाषा बदलतात, तर कंट्रोल आणि शिफ्ट मिळून त्याच भाषेतील मांडणी बदलतात. मराठीखाली दोन मांडण्या जोडून ठेवल्या असतील तर पट्टीवर ‘एमआर’ तसेच राहते आणि काही चिन्हे मात्र भलतीच उमटू लागतात. म्हणून प्रत्येक भाषेखाली एकच मांडणी ठेवावी आणि बाकीच्या रिमूव्ह बटणाने काढाव्यात. त्यानंतर डिटेल्समधील की सेटिंग्ज या बटणातून मांडणी बदलण्याची कळजोडी बंद करावी. तिथेच प्रत्येक भाषेला स्वतंत्र कळजोडी देता येते, उदाहरणार्थ डावी ऑल्ट, शिफ्ट आणि १ दाबल्यावर इंग्रजी, आणि त्याच कळांसह २ दाबल्यावर मराठी. एकच कळजोडी पुढे-मागे फिरवण्यापेक्षा हे बरे पडते, कारण पट्टीकडे न पाहताही आपण कोणत्या भाषेत आहोत हे कळते.

मूळ भाषा मात्र इंग्रजीच ठेवावी. मराठीवर प्रेम असले तरी संकेतशब्द, फाइलींचे पत्ते आणि आज्ञा इंग्रजीतच लिहायच्या असतात. मूळ भाषा मराठी केलेल्या संगणकावर प्रवेशाच्या वेळी संकेतशब्द चुकीचा असल्याचा संदेश येऊ शकतो, आणि तारे किंवा ठिपकेच दिसत असल्यामुळे कारण लक्षात येत नाही. असा प्रसंग आला तर संकेतशब्दाच्या चौकटीत असतानाच डावी ऑल्ट आणि शिफ्ट दाबून भाषा बदलावी आणि मग संकेतशब्द लिहावा. खाते पुसण्याची किंवा प्रणाली नव्याने चढवण्याची गरज नसते.

इंग्रजीबाबतही एक सूचना. भारतात विकल्या जाणाऱ्या नेहमीच्या कीबोर्डवरील खुणा अमेरिकी मांडणीप्रमाणे असतात. शिफ्टसह २ दाबल्यावर ईमेलच्या पत्त्यातील ॲट चिन्हाऐवजी दुहेरी अवतरणचिन्ह येत असेल आणि शिफ्टसह ३ दाबल्यावर पौंडाचे चिन्ह येत असेल तर ब्रिटिश मांडणी निवडली गेली आहे. अवतरणचिन्हाची कळ दाबल्यावर काहीच उमटत नाही आणि पुढची कळ दाबल्यावर दोन्ही एकदम उमटतात किंवा स्वरावर टोपी चढते, असे असेल तर ‘युनायटेड स्टेट्स - इंटरनॅशनल’ ही मांडणी निवडलेली आहे. दोन्ही वेळा साधी अमेरिकी मांडणी जोडून दुसरी काढून टाकावी.

अक्षरे उमटतात, पण चुकीची दिसतात

ठिपक्यांचे वर्तुळ आणि त्याला चिकटलेली वेलांटी किंवा मात्रा दिसली तर त्याचा अर्थ ते चिन्ह ज्या अक्षराला लागायचे ते अक्षर त्याच्या आधी लिहिलेले नाही. टाइपरायटरवर आणि जुन्या फाँटांवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकायची सवय असते, तर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा संकेतांक देणाऱ्या पद्धतीत, उच्चाराचा क्रम पाळावा लागतो : आधी क, मग वेलांटी. रफाराचेही तसेच आहे. ‘अर्थ’ लिहिताना र आधी येतो, त्याचा पाय मोडला जातो आणि मग थ येतो. टाइपरायटरप्रमाणे थ लिहून वर रफार ठेवण्याची सोय इथे नाही.

मराठीची स्वतःची एक गरज म्हणजे ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ यांतला र. साधा र, पायमोड आणि य असे लिहिले तर ‘आचार्य’मधल्यासारखा रफार तयार होतो आणि ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह जे दाबल्यावर मिळणारा ‘ऱ’ वापरावा : शिफ्टसह जे, डी, स्लॅश, ई असे दाबले की ‘ऱ्या’ उमटते. हिंदीसाठी तयार केलेल्या सूचनांमध्ये हे सापडत नाही, म्हणून कित्येक कार्यालयीन पत्रांत ‘दुसर्या’, ‘अधिकार्यांना’ असे छापलेले आढळते आणि दोष संगणकावर ढकलला जातो. ळ शिफ्टसह एन या कळीवर आणि ण शिफ्टसह सी या कळीवर आहे.

काही चिन्हे मात्र कितीही खटपट केली तरी एक्सपीच्या मूळ फाँटांत दिसणार नाहीत. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. एक्सपीचा मंगल फाँट त्यापूर्वीचा असल्यामुळे ते तिथे चौकोनासारखे दिसते. जुन्या संगणकांवर लोक अ लिहून त्यावर अर्धचंद्र देत आले. वाचायला ते चालते, पण संगणकाच्या दृष्टीने ती दोन वेगळी लेखने आहेत आणि एकाने शोध घेतला तर दुसरे सापडत नाही, हे वर्णानुक्रमे याद्या करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. रुपयाचे नवे चिन्ह २०१० सालचे आहे, त्यामुळे त्याच्या जागीही चौकोन दिसतो. एक्सपीवर ‘रु.’ लिहिणे हाच निर्धोक मार्ग आहे. ल आणि श यांची हिंदी वळणाची रूपे दिसतात हीदेखील फाँटाची गोष्ट आहे, कीबोर्डची नव्हे. मराठी वळणाचा युनिकोड फाँट मिळाला तर तो कंट्रोल पॅनेलच्या फाँट्स फोल्डरात फाइल मेनूतून बसवता येतो.

अंक देवनागरी हवेत आणि इंग्रजी येतात, किंवा उलट, अशी अडचण असेल तर उजव्या ऑल्टसह अंकाची कळ दाबून पाहावी. तसे न झाल्यास दुसरी मांडणी निवडावी. रीजनल ऑप्शन्स या पहिल्या पानावर मराठी निवडल्याने तारीख, चलन आणि अंक दाखवण्याची पद्धत बदलते, कीबोर्ड बदलत नाही. या दोहोंची गल्लत फार होते.

साठवताना होणारे नुकसान

चौकोन आणि प्रश्नचिन्ह यांतला फरक नवख्याने पहिल्या दिवशीच शिकून घ्यावा. चौकोन दिसत असताना मजकूर शाबूत असतो, योग्य फाँट दिला की तो दिसू लागतो. मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे साठवली गेली असतील तर मूळ अक्षरे फाइलमध्ये उरलेलीच नसतात आणि कोणताही फाँट ती परत आणू शकत नाही.

एक्सपीचे नोटपॅड नवी फाइल आन्सी पद्धतीने साठवायला निघते. या पद्धतीत देवनागरीला जागा नाही. मराठी मजकूर असेल तर युनिकोड अक्षरे नष्ट होतील असा इशारा येतो, तो न वाचता ओके दाबले की लेख गेला. म्हणून सेव्ह ॲज निवडून खिडकीच्या तळाशी असलेल्या एन्कोडिंगच्या यादीत यूटीएफ-८ किंवा युनिकोड निवडावे आणि मगच साठवावे. एक्सेलमधील मराठी नावांची यादी सीएसव्ही प्रकारात साठवली तर त्या काळच्या आवृत्त्यांमध्ये हाच घोटाळा होतो. त्याऐवजी युनिकोड टेक्स्ट हा प्रकार निवडावा.

एखाद्या जुन्या हिशेबाच्या किंवा नोंदणीच्या आज्ञावलीत टंकतानाच प्रश्नचिन्हे येत असतील तर ती आज्ञावली युनिकोड जाणत नाही. रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड पानावर युनिकोड नसलेल्या आज्ञावल्यांसाठी भाषा निवडण्याची सोय आहे, पण मराठीसाठी विंडोजचे जुने संकेतपृष्ठ (एका भाषेच्या अक्षरांच्या संकेतांकांचा तक्ता) कधी तयारच झाले नाही, त्यामुळे त्या यादीत मराठी मिळणार नाही. तिथे शोधत बसण्यात वेळ घालवू नये. काळ्या पडद्याची कमांड प्रॉम्प्ट खिडकीही देवनागरी नीट दाखवत नाही.

कृतिदेव, शिवाजी किंवा श्रीलिपीच्या जुन्या फाँटांत टंकलेल्या फाइलींचे प्रकरण वेगळे आहे. त्यांत साठवलेले संकेतांक प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे असतात, फक्त फाँट त्यांना देवनागरीचा चेहरा देतो. अशा मजकुराला मंगल लावला तर अर्थहीन इंग्रजी अक्षरे दिसतात, आणि अशा फाइलीत मराठी कीबोर्ड लावून टंकले तर नवी अक्षरे जुन्या फाँटात न उमटता वेगळ्याच वळणाने उमटतात. जुन्या फाइलीत दुरुस्ती करायची असेल तर कीबोर्ड इंग्रजी ठेवून त्या फाँटाच्या पद्धतीनेच करावी, किंवा परिवर्तकाने, म्हणजे फाँट बदलून देणाऱ्या आज्ञावलीने, सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणून मग करावी. एकाच परिच्छेदात दोन्ही पद्धती मिसळू नयेत, कारण तसा परिच्छेद नंतर कोणत्याही परिवर्तकाला धड हाताळता येत नाही.

वर्डच्या दोन खोड्या

नोटपॅडमध्ये चाचणीचा शब्द बरोबर आला आणि वर्डमध्येच त्रास होत असेल तर दोन ठिकाणे तपासावीत. कर्सर इंग्रजी शब्दावर नेला की कीबोर्ड आपोआप इंग्रजी होतो, मराठी शब्दावर नेला की मराठी, अशी वर्डची एक सोय आहे आणि मिश्र मजकूर लिहिणाऱ्याला ती जाच वाटते. वर्ड २००३ मध्ये टूल्स, ऑप्शन्स, एडिट या पानावर, आणि वर्ड २००७ मध्ये वर्ड ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड भागात ती बंद करता येते. दुसरी खोडी अशी की फाँट किंवा अक्षराचा आकार बदलला तरी मराठी मजकुरावर परिणाम होत नाही. वर्ड गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी फाँट आणि आकार वेगळे ठेवतो. फाँटची पूर्ण खिडकी उघडून तिच्यातील कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स या भागात मंगल आणि हवा तो आकार भरावा.

संगणक विंडोज ७ चा असेल तर

व्हिस्टापासून पुढे गुंतागुंतीच्या लिप्यांच्या फाइली मुळातच बसवलेल्या असतात, त्यामुळे सीडीचा खटाटोप उरत नाही. विंडोज ७ मध्ये कंट्रोल पॅनेलमधील रीजन अँड लँग्वेज उघडून कीबोर्ड्स अँड लँग्वेजेस या पानावरील चेंज कीबोर्ड्स बटण दाबावे आणि वर सांगितल्याप्रमाणे मराठी जोडावी. भाषापट्टी, कळजोड्या आणि दर आज्ञावलीला स्वतंत्र भाषा या गोष्टी एक्सपीसारख्याच चालतात. मंगलखेरीज अपराजिता, कोकिळा आणि उत्साह हे देवनागरी फाँटही तिथे मिळतात.

इंग्रजी अक्षरांत ‘namaskar’ या धर्तीवर लिहून मराठी मिळवण्याची सवय असलेल्यांना मात्र यांपैकी कोणत्याही जुन्या प्रणालीत तशी मांडणी आयती मिळत नाही. मायक्रोसॉफ्टने मराठी फोनेटिक कीबोर्ड प्रणालीतच दिला तो विंडोज १० च्या २०१९ मधील अद्ययावत आवृत्तीत. एक्सपीसाठी अशी साधने शोधायला तो संगणक इंटरनेटला जोडू नये, कारण २०१४ नंतर त्याच्या सुरक्षेतील छिद्रे बुजवली जात नाहीत आणि मोफत कीबोर्डच्या नावाखाली नको ती आज्ञावली घरात शिरते. लागणारा फाँट किंवा साधन दुसऱ्या संगणकावर उतरवावे, तिथे विषाणूंची तपासणी करावी आणि मग पेनड्राइव्हने आणावे. बसवण्यापूर्वी सिस्टम रिस्टोरमधून एक पुनर्स्थापनाबिंदू तयार करून ठेवावा आणि बसवल्यावर ‘विद्यार्थी’ हा शब्द नोटपॅडमध्ये पुन्हा टंकून, यूटीएफ-८ मध्ये साठवून, फाइल बंद करून उघडून पाहावी.